काउंटरमागचा माणूस
१९६२ मध्ये एमआयडीसी आली, शेड उभ्या राहिल्या, मालकांचे सत्कार झाले. हे सगळं आम्ही पत्रकारांनी लिहिलं. बेअरिंग-बेल्टच्या वितरकाकडे फोनवर बसणाऱ्या सेल्सवाल्याबद्दल मात्र कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत.

मशीन बंद पडली की पहिला फोन त्यालाच. "पंचवीसचा शाफ्ट आहे, बेअरिंग द्या." हा विचारणार, बाहेरून किती? ५२ म्हटलं की ६२०५, ६२ म्हटलं की ६३०५. शेवटच्या ०५ ला पाचने गुणलं की आतला व्यास, २५ मिलिमीटर. (६२०३ ला हा हिशेब लावाल तर फसाल, ते १७ चं.) गावात माल नसला तर पूर्वी ट्रंक कॉल लावून पुण्या-मुंबईला स्टॉक विचारायचा तोच.

आणि उधारी? २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायला सांगितलं. घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये एमएसएमईत घेतलं खरं, पण केंद्राच्या आदेशानुसार फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरतं. थकलेल्या बिलासाठी ते ४५ दिवस वितरकाच्या कामाचे नाहीत. मग वसुलीचा फोनही यानेच करायचा. सकाळी ज्याला माल दिला त्यालाच दुपारी पैसे मागायचे, तेही पुढची ऑर्डर न घालवता.