खोडदची भोकाभोकांची तबकडी

पुणे-नाशिक रस्त्यावरून नारायणगावला पूर्वेकडे, खोडदच्या दिशेने वळले की शेतांपलीकडे प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जवळ गेल्यावर नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे: तबकडीतून पलीकडचे आकाश दिसते! काटकसरीतून जन्मलेल्या उत्तम रचनेचा याहून चांगला नमुना आपल्याकडे क्वचितच सापडेल, असे आम्हांला वाटते.

या काटकसरीला पूर्वपीठिका आहे. गोविंद स्वरूप 1953 ते 1955 या काळात ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे काम करीत होते. तेथे वापरातून जाणाऱ्या 32 लहान तबकड्या भारताला देणगी मिळाल्या आणि 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांतून कल्याणजवळ सूर्याचा वेध घेणारी दुर्बीण उभी केली. उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण 1970 ची. तिच्यासाठी डोंगराचा असा उतार शोधला, की तो त्या जागेच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे 11 अंश होता. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि तारा आकाशात सरकेल तशी ती एकाच अक्षाभोवती फिरवणे पुरेसे ठरले. अर्धे काम डोंगरानेच केले.

खोडदला डोंगर उपयोगी पडले ते मुंबई-पुण्याचा रेडिओ गोंगाट अडवायला. पण मीटरभर लांबीच्या लहरी टिपायच्या तर तबकडी फार मोठी लागते. ती पत्र्याची केली तर वारा तिला ढकलणार, म्हणून सांगाडा भक्कम हवा, म्हणजे पोलाद जास्त आणि खर्चही जास्त. स्वरूप आणि सहकाऱ्यांनी पत्राच काढून टाकला. 16 अन्वस्ताकार चौकटी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये तारदोर ताणले आणि त्यांवर 0.55 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली. जाळीचे घर मध्यभागी 10 मिलिमीटरचे, कडेला 20 चे. वारा आरपार जातो. लहरी का निसटत नाहीत? येथे टिपल्या जाणाऱ्या सर्वांत आखूड लहरीही सुमारे 20 सेंटिमीटर लांबीच्या. त्यांच्यापुढे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे भोक नसल्यासारखेच. (वर्गात मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारातील जाळी दाखवून हे समजावता येते.)

अशा 30 तबकड्या. 14 मध्यभागी, उरलेल्या 16 तीन भुजांवर. पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. प्रत्येक तबकडीची दुसरीशी जोडी लावली तर 30 × 29 ÷ 2 = 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांची सांगड घालून चित्र बनते. संकेत प्रकाशतंतूंतून खोडदला येतात आणि तेथे अंकांच्या रूपात त्यांचे गणित होते. आधी हे गणित खास बनवलेल्या चिप करीत. 2010 च्या सुमारास बाजारात मिळणारे साधे संगणक आणि येथे लिहिलेल्या आज्ञावली ते करू लागल्या. पुढे सुधारणा झाली आणि एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 वर गेला. सांगाडा तोच, मेंदू नवा. 2020 साली जाहीर झालेला, आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन मोजण्याचा निष्कर्ष या सुधारित दुर्बिणीचाच.

गोंगाट मात्र वाढतो आहे. मोबाइल मनोरे, ठिणग्या उडवणारी यंत्रे, विजेवर धावणाऱ्या गाड्या या सगळ्यांच्या लहरी ताऱ्यांच्या लहरींपेक्षा कितीतरी बलवान. याच कारणाने पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावजवळून जाणारी आखणी अडली. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना ही रेल्वे हवी आहे. त्यांची मागणी अडाणीपणाची आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. टोमॅटो आणि भाजी वेळेत बाजारात पोचणे हाही खराच प्रश्न आहे. शांततेचा फायदा साऱ्या जगाच्या खगोलशास्त्राला होतो, गैरसोय मात्र काही गावांनाच सोसावी लागते.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते. मुलांना जरूर न्यावे. आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. तो का, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.