दलाल कोणाचा? मुंबईतील घरखरेदी आणि मध्यस्थाचा शतकभराचा प्रवास

१/
‘दलाल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘वाट दाखवणे’ असा आहे. पुरावा या अर्थाचा ‘दलील’ हा शब्दही त्याच धातूपासून झाला. मुंबईच्या घरबाजारात मात्र या वाटाड्याचे महत्त्व दीर्घकाळ माहिती दडवण्यावर टिकून राहिले. घर घेताना मध्यस्थ कसा पारखावा, याचे उत्तर या इतिहासातच सापडते.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांनी कोकणातील आणि घाटावरील माणसे मुंबईत ओढून आणली. गिरणगावात नवख्याला खोली मिळे ती बहुधा गाववाल्यांच्या किंवा मुकादमाच्या ओळखीने. जो गिरणीत चिकटवी, तोच अडीनडीला उधारी देई आणि पुष्कळदा डोक्यावर छप्परही मिळवून देई. उपकार खरा होता. पण खोली, कर्ज आणि नोकरी एकाच हातात गेल्याने त्या माणसाशी वाकडे घेणे कामगाराला परवडत नसे.

३/
१८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. घर दुर्मीळ झाले, की ते कोठे रिकामे आहे हे ठाऊक असणाऱ्याचा भाव वाढतो.

४/
याच काळात एक निराळी वाटही निघाली. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे या चळवळीचे अध्वर्यू. येथे सभासदच मालक असल्याने हिशेब सर्वांसमोर असे. मात्र भांडवल, ओळख आणि संघटन असलेल्या मध्यमवर्गालाच ही वाट चालणे शक्य होते.

५/
निर्णायक वळण आले ते १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले आणि भाडेकरूला संरक्षण मिळाले. फाळणीनंतरच्या निर्वासितांनी व स्थलांतरितांनी भरलेल्या शहरात हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु जागेचे खरे मोल आणि पावतीवरचे भाडे यांतील दरी वर्षागणिक रुंदावत गेली.

६/
ती दरी भरून काढली ‘पागडी’ने. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून ठोक रक्कम घेई, मालक त्यात आपला वाटा मागे आणि मग भाडेपावती नव्या नावावर होई. कायद्याने हा गुन्हा होता. त्यामुळे सारा व्यवहार रोखीने आणि तोंडी चाले. अशा व्यवहाराला जामीन कोण? तर मधला माणूस.

७/
येथे दलालाची सत्ता कळसाला पोहोचली. कोण जागा सोडणार, मालक पावती बदलून देईल का, त्याचा वाटा किती, हे सारे त्याच्याच पोटात. पैसे देऊनही पावती नावावर न झाल्यास नवा रहिवासी कायद्याच्या दृष्टीने उपराच राही. व्यवहारच बेकायदा, मग दाद कोणत्या तोंडाने मागायची? आयुष्याची पुंजी एका माणसाच्या शब्दावर टांगलेली असे.

८/
पुढे मालकी हक्काच्या सदनिका आल्या. १९६३ च्या कायद्याने बांधकाम व्यावसायिकावर जमिनीचे हक्क व मंजूर नकाशे दाखवण्याचे बंधन घातले आणि लेखी, नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली. दलालाला मात्र ना नोंदणीची अट होती, ना परीक्षेची. ‘सुपर बिल्ट-अप’च्या आकड्यांत जिना, गच्ची आणि लॉबीही सदनिकेच्या नावाने विकली जाऊ लागली.

९/
१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली. अर्धशतकभर कुजबुजत झालेला व्यवहार कागदावर येऊ शकला.

१०/
मध्यस्थाला थेट हात घातला तो स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकण्यासाठी दलालाची नोंदणी अनिवार्य झाली. नोंदणी नसलेला प्रकल्प विकण्यास त्याला मनाई झाली, हिशेबवह्या ठेवणे आणि ग्राहकाला हक्काची कागदपत्रे मिळवून देणे त्याचे कर्तव्य ठरले. विनानोंदणी काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

११/
२०२३ मध्ये महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली. आज महारेराच्या संकेतस्थळावर दलालाचा क्रमांक ‘ए’ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. दोन्ही क्रमांक टाकून पाहायला पैसे लागत नाहीत. मुकादमाच्या काळातील कामगाराला अशी सोय स्वप्नातही नव्हती.

१२/
या छत्राला कड आहे, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या इमारतीतील घराची पुनर्विक्री सहसा या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहते. तेथे आधार उरतो तो १८७२ च्या करार अधिनियमाचा. मध्यस्थाने आपल्या माणसाला न सांगता स्वतःचाच व्यवहार पुढे रेटला आणि महत्त्वाची गोष्ट दडवली, तर तो व्यवहार नाकारण्याची मुभा हा कायदा देतो. परंतु त्यासाठी ‘आपला माणूस’ कोण, हे आधी ठरलेले हवे. दोन्ही पक्षांकडून दलाली घेण्याची रूढी असलेल्या बाजारात नेमके तेच धूसर राहते.

१३/
म्हणून मध्यस्थ निवडताना त्याच्याकडे किती घरे आहेत, याआधी काही प्रश्न विचारावेत. तो कोणाचा? दलाली कोणाकोणाकडून आणि किती, हे लिहून देतो का? जुन्या घराची मागील करारांची साखळी, इंडेक्स टू, भाग प्रमाणपत्र आणि संस्थेचे ना-देय पत्र टोकन मागण्याआधी समोर ठेवतो का? चटईक्षेत्र मोजू देतो का? वकिलाला कागद दाखवतो म्हटल्यावर त्याचा सूर बदलतो का?

१४/
गोड बोलणे, ओळखीचे गाव आणि ‘उद्या दुसरा घेऊन जाईल’ ही घाई, ही सारी पागडीच्या काळातील हत्यारे आहेत. तेव्हा भाडेकरूपुढे पर्याय नव्हता, कारण कागद दाखवणे मध्यस्थालाच शक्य नव्हते. आज शक्य असूनही जो टाळतो, त्याच्या हाती बयाणा देऊ नये. दलील दाखवील तोच दलाल.