बेथेलच्या जमिनीचा परवाना

मराठवाड्यातील ख्रिस्ती इतिहास सांगताना आपण मिशनऱ्यांची चरित्रे सांगतो, बाप्तिस्म्यांचे आकडे देतो. देवालयासाठी जमीन कोणी दिली आणि तिच्यावर भिंत घालण्याची मुभा कोणाकडून मिळवावी लागली, याची विचारपूस मात्र सहसा होत नाही. जालन्याजवळचे बेथेल हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

त्याचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. तरी त्यांचे ऋण साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजावर आहे, असे आम्ही मानतो. ब्राह्मण घराण्यातील या तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी धाकटा भाऊ श्रीपत याच्या ताब्याचा वाद मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला व कोर्टाने मुलाला पित्याच्या हवाली केले. सरकारी हुकमाचा एक कागद काय करू शकतो, हे नारायणरावांनी आपल्याच घरात पाहिले होते.

१८६० च्या दशकात ते जालन्यास काम करू लागले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. गावाशेजारी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांचा अंमल चाले. छावणीची हद्द ओलांडली की राज्य दरबाराचे, आणि तिथेही सगळी जमीन एका जातीची नव्हे. काही दिवाणी, म्हणजे दिवाणाच्या कारभाराखालची, काही सर्फेखास, म्हणजे निजामाची खाजगी, काही जहागीरदारांची. अर्ज कोणाच्या दारी न्यावा, हे आधी जमिनीची जात पाहून ठरे. दरबाराची भाषा फारसी.

एकटे देवालय बांधायचे असते, तर काम सोपे होते. पण शेषाद्रींच्या मंडळीत बहुतांश लोक मातंग समाजातील होते, ज्यांना त्या काळी मांग म्हणत. त्यांची घरे गावकुसाबाहेर, पाणवठा त्यांना बंद. बाप्तिस्म्याने त्यांचा धर्म बदलला, गावातली जागा बदलली नाही. स्वतःच्या विहिरीवर पाणी भरायचे, तर विहीर खणण्याचा हक्क असलेली जमीन हवी. म्हणून हवे होते अख्खे गाव: घरे, शेते, विहिरी, शाळा आणि मध्ये प्रार्थनेची वास्तू.

ही मागणी मान्य केली सर सालारजंग यांनी. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे ते हैदराबादचे दिवाण होते. १८६५ मधील जिल्हाबंदी त्यांचीच. त्यांच्या सरकारने शेकडो एकर जमीन दिली आणि तिच्यावर वसाहत उभी राहिली. मुसलमान दिवाण, ब्राह्मणकुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक आणि मातंग कुणबिकी: असा योग आमच्या वाचनात क्वचितच आला आहे. याकोबाने उशाचा धोंडा उभा करून जागेला जे नाव दिले, तेच या माळाला मिळाले.

मात्र ही दिवाणाची मेहेरबानी होती, प्रजेचा हक्क नव्हे. पुढे त्याच राज्यात नवे प्रार्थनामंदिर बांधणे, जुन्याची डागडुजी करणे, यांसाठी उमूर-ए-मजहबी या धर्मखात्याची परवानगी लागे, आणि १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात या निर्बंधांविरुद्धची तक्रार ठळक होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपुष्टात आले. संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायांना मालमत्ता संपादन करण्याचा व बाळगण्याचा हक्क दिला.

जालना १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. आता तिथे देवालय, शाळा किंवा दवाखाना बांधायचा, तर दिवाणाची मर्जी लागत नाही, नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये अर्जावर ६० दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पण आराखडा नियमांत बसत असेल तरच. सवलत खरी आहे, मात्र तिच्या भरवशावर पाया खणणारी मंडळी पुढे अडचणीत येतात. अर्जासोबत मालकीचा पुरावा जोडावा लागतो, आणि मराठवाड्यात घोडे अडते ते बहुधा इथेच. निजामकाळातील जुने कागद उर्दूत वा मोडीत असतात आणि सातबाऱ्यावर भलतेच नाव असते. ते कागद जाणकाराकडून वाचवून घेऊन तलाठ्याकडची नोंद तपासण्याचे काम वास्तुविशारदाच्या नकाशाआधीचे आहे.