मसुऱ्यातला गवंडी बाप

मसुऱ्याच्या डोंगरावर भरतगड उभा राहिला, तो आधी विहिरीला पाणी लागलं म्हणून. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ही जागा पाहिली आणि पाण्याअभावी सोडून दिली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. दहा वर्षांनी सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी तिथेच विहीर खणायला घेतली. २२८ फुटांवर पाणी लागलं, मग कुठे तट चढू लागले. काम पुरं व्हायला १७०१ उजाडलं. सावंतांचं नाव राहिलं. एवढ्या खोल उतरून दगड फोडणारे कोण, कोणाचे बाप, हे कुठल्याच कागदात नाही.

बांधणाऱ्याचं नाव टिकायला हिरोजी इंदुलकर असावं लागतं. मालवणच्या समुद्रात १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग त्याच्या देखरेखीखाली बांधला गेला असं मानतात, आणि रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर त्याचं नाव आजही वाचता येतं. गावातल्या गवंड्याने अशी पायरी कोणासाठी कोरायची? त्याने दुसऱ्यांची घरं बांधली आणि त्या मजुरीवर स्वतःचं घर चालवलं.

इथलं घर जांभ्याचं. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने हवा तसा कापता येतो; वारा लागला की टणक होत जातो. केरळात हाच दगड पाहून फ्रान्सिस बुकाननने १८०७ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याचं वर्णन केलं आणि शास्त्राच्या पुस्तकात जांभा तिथून शिरला. कोकणातले गवंडी तोवर त्यावर शेकडो वर्षं हात साफ करून बसले होते. एक चिरा तीस-पस्तीस किलोच्या घरात. असे दिवसाला किती उचलले, याचा हिशेब पाठीला ठाऊक.

पोरगा या धंद्यात शिरायचा तो बापाच्या मागून. आधी पाणी आणणं, चिरे भिजवणं, माल कालवून घमेली पोचवणं. थापी हातात यायला वर्षं जायची. बाप कोपऱ्याचे चिरे ओळंब्यात बसवायचा, दोन कोपऱ्यांमध्ये सूत बांधायचा आणि ओरडायचा, “झिला, सूत ताण रे!” सुताला चिरा टेकता कामा नये, केसभर अंतर हवं; टेकला की सूत बाहेर ढकललं जातं आणि अख्खा थर पोट काढतो. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर आला, तर बाप काही न बोलता चिरा उचलून खाली ठेवायचा. सांधमोड शिकवायची ही पद्धत कुठल्याही तंत्रनिकेतनापेक्षा कडक होती, आणि थोडी निर्दयही.

काम दसरा-दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि मिरगाला थांबायचं. पायाभरणीला देवाला आणि जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं, चौकट उभी करताना पूजा, घरभरणीला गवंड्याच्या हाती नारळ नि कापड. पावसात हाच माणूस लावणीच्या चिखलात. म्हणून मे महिना जिवावरचा: घरमालकाला पावसाआधी कौलं चढलेली हवीत आणि गवंड्याला मजुरीची बाकी, कारण जूनमध्ये पोरांची शाळा उघडते.

माल बदलत गेला. पूर्वी मातीचा चिखल, आणि ज्याला परवडेल त्याला किनाऱ्यावरच्या शिंपल्या भाजून केलेला चुना. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगळुरी कौलांनी कुंभाराचे नळे छपरावरून उतरवले. मग सिमेंट आलं, त्यामागून स्लॅब. चिरेखाणीत यंत्र शिरलं नि चिरा एकसारखा निघू लागला, तासायचं काम घटलं. मुंबईच्या चाकरमान्याचा पैसा मात्र या सगळ्याला पुरून उरला. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरली की परतणाऱ्या माणसांना घराची पडवीही नीट हवी असते.

गवंड्याच्या स्वतःच्या म्हातारपणाचा विचार कायद्याने फार उशिरा केला. बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा १९९६ मध्ये आला, आणि महाराष्ट्रात त्यांचं कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झालं. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. नोंदणी असली की मुलांच्या शिक्षणासाठी मदत मिळते. ज्याने कधी हजेरीपटावर सही केली नाही, ज्याचा व्यवहार घरमालकाशी तोंडीच व्हायचा, त्याला तो दाखला मिळवायला ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. साठी ओलांडलेल्यांना तर नोंदणीचं दारच बंद. त्यांच्यातले काही अजून सकाळी मुलाच्या कामावर जातात, परांचीवर न चढता खालून ओळंबा पाहतात, आणि थर चुकला तर मुलाला तो उतरवायला लावतात.