कसुतीचा टाका मोजून ठेवूया



सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या जुन्या ट्रंकांत अजून इरकली लुगडी सापडतात. त्यातल्या एखाद्याच्या पदराजवळ हाताने काढलेला रथ, गोपुर, हत्ती, मोर किंवा तुळशीवृंदावन दिसले, तर ती कसुती समजा. कानडीत ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी या शब्दाची फोड सांगतात. कसुतीचे माहेर धारवाड-हुबळीकडचे. तिकडे नवरीला काळ्या चंद्रकळेवर कसुती काढून देत. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो. पुढे सीमा आखली गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. त्यांच्याबरोबर हे लुगडे आपल्याकडे येत राहिले.

कसुतीत कापडावर छापा किंवा पेन्सिलीची रेघ नसते. कापडाचे धागे मोजून टाका घालायचा. टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा: जाताना एक टाका सोडत जायचे, येताना सुटलेल्या जागा भरायच्या. मुर्गी तसाच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा. नेयगे विणल्यासारखा दिसतो. मेंथे हा फुलीचा टाका. मेंथे म्हणजे आपली मेथी. गवंती आणि मुर्गीत गाठ मारत नाहीत, म्हणून कापड सुलट-उलट सारखेच दिसते.

आता या नक्ष्या मोबाईलमध्ये आणि संगणकात साठवायचे काम बचत गटांनीही हाती घ्यावे, असे आम्हाला वाटते. मात्र नुसता फोटो काढून भागत नाही. फोटोत गोपुर दिसते, पण सुई कुठून निघाली, कोणत्या फांदीवर वळली आणि मागे कशी आली, हे दिसत नाही. ती वाट काढणारीच्या हातात असते. हात थांबले की वाटही गेली. संगणकावरच्या भरतकाम यंत्रालाही ती सांभाळता येत नाही. यंत्रात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चालतात, त्यामुळे मागची बाजू वेगळी होते. यंत्राची फाईल झाली म्हणजे कसुती जपली, असे नव्हे.

म्हणून असे करूया. जुने लुगडे आधी धुऊ नका, रंग उतरू शकतो. सपाट पसरा, शेजारी पट्टी ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. भिंगातून एका टाक्याखालचे धागे मोजा. मग चौकटीच्या कागदावर एक टाका म्हणजे एक घर, अशी नक्षी उतरवा. सुरुवातीला खूण करा, जाण्याची वाट एका रंगाने आणि येण्याची दुसऱ्या रंगाने दाखवा. घरातल्या जाणत्या आजी, मावशी, आत्याबाईंना एक नक्षी काढायला सांगून हातांचा व्हिडिओ घ्या. हा कागद संगणकावर चढवणे मग सोपे आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक नक्षीखाली काढणारीचे नाव, गाव आणि नक्षीचे घरात चालणारे नाव लिहा, तिला विचारूनच. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे कलेच्या नावाला संरक्षण आहे. पण ज्या बायकांनी डोळे शिणवून ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली, त्यांची नावे लुगड्यावर कुठेच नाहीत. निदान आपल्या वहीत ती असू द्या.

या आठवड्यात ट्रंक उघडा. लुगडे सापडले तर गटाच्या बैठकीला घेऊन या, आणि काढणारी हयात असेल तर तिलाही.