दाखल्यापुरता फोटो

शहागडच्या स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी एका दैनिकाला बातमीचे फोटोही पाठवायचो. 2006 च्या ऑगस्टात जायकवाडी धरणाच्या नाथसागरातून पाणी सोडलं, गोदावरी फुगली, तेव्हा डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईचा माझा फोटो छापून आला. पूर ओसरल्यावर त्याच बाईनं घर सारवून चूल पेटवली. तोही फोटो पाठवला. ‘‘यात बातमी काय?’’ असं फोनवर ऐकून घ्यावं लागलं.

फोटोत फक्त दुःखच मागायची ही खोड जुनी आहे. 1947 साली ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट पंजाबातले निर्वासितांचे तांडे टिपत होत्या. मनासारखी चौकट मिळेपर्यंत त्यांनी दमलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा मागं जायला लावलं, असं सोबतच्या वार्ताहर बाईंनीच पुढं सांगितलं. दुःख खरंच होतं म्हणा. पण कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरलेल्या सिंध्यांनी धंदे मांडले, 1949 ला त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं, तरी फाळणी म्हटलं की डोळ्यांपुढं येतात ते तांडेच.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं वेगळं. 1943 ते 1948 तिथं सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांचे फोटो पाहा: शाळेचे वर्ग, स्काउटची पोरं, रंगमंचावरचे नाच. घरच्या अल्बमात ठेवायला काढलेल्या फोटोत कुणी रडका चेहरा मागत नाही.

आमच्या जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी केली, 1976 ला इंदिराबाईंनी लोकार्पण केलं. शंभरावर गावं पाण्याखाली गेली. धरणाच्या बातमीला मात्र आजही फोटो लागतो तो उघडलेल्या दरवाजांचा. उठून दुसरीकडं वसलेल्यांची लग्नं, बारशी माझ्यासारख्यांच्या निगेटिव्हांत पडून आहेत.

मध्यंतरी एक पोरगा आला. आजोबाची जमीन नाथसागरात, ह्याचा जन्म इकडचा, बोलीही इकडचीच. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याला फोटो हवा होता. स्टुलावर बसला आणि एकदम गंभीर झाला.

‘‘हसू का, काका?’’

‘‘हस की.’’

हसला. मग म्हणाला, ‘‘नको, साहेब काय म्हणतील? दुसरा काढा.’’

आठ कॉप्या त्या दुसऱ्याच्याच नेल्या.