दोन कॅमेरे आणि एक काळा फोटो

गेला महिनाभर आमच्या घरी फोन आला की दुसऱ्या मिनिटाला एकच विषय निघतो, तो म्हणजे "कॅमेऱ्याचं काय ठरलं?" नातेवाईक मंडळींना उत्तर देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाचे सगळे इथे लिहून टाकतो. यापुढे जो विचारेल त्याला हाच पत्ता देईन.

प्रकरण असे आहे. पुण्याचा पुतण्या त्याचा जुना निकॉन डी९० काढतो आहे. हा २००८ सालचा डीएसएलआर, बरोबर दोन लेन्स. त्याच सुमारास मेहरूण तलावावर रोज सकाळी भेटणारे आमचे एक स्नेही, बँकेतून निवृत्त, नवा कॅमेरा घेणार म्हणून त्यांचा निकॉन कूलपिक्स पी९०० देऊ करताहेत. तो २०१५ सालचा, ज्याला सुपरझूम ब्रिज कॅमेरा म्हणतात त्यातला. दोन्हीची किंमत मागेपुढे सारखीच, आणि पेन्शनीत एकच बसतो. पुतण्या म्हणतो, "काका, डीएसएलआर तो डीएसएलआर." स्नेही म्हणतात, "सर, लेन्सा बदलत बसायचं वय आहे का आपलं? हा घ्या, खंड्याच्या डोळ्यात तुम्ही दिसाल."

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिची वंशावळ काढून बसायचे ही माझी जुनी खोड. पाण्याची मोटर घेतली तेव्हाही आठ दिवस वाचत बसलो होतो आणि तोवर शेजाऱ्यांच्या नळाने दिवस काढले. तर तसेच याही वेळी झाले. आणि वाचता वाचता मी नको तिथे, म्हणजे घरातल्या जुन्या अल्बमपाशी, येऊन पोचलो.

१९७९ च्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. जळगावहून अंतर साठ किलोमीटरच्या आसपास, दोन एसटी गाड्या भरून पोरे. माझे नुकतेच लग्न झाले होते, म्हणून हीसुद्धा बरोबर होती. माझ्या गळ्यात आग्फा क्लिक थ्री. त्या काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हणजे बहुधा हाच. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, आणि आपण ठरवायचे ते एवढेच की ऊन आहे की ढग. बारापैकी सात फोटो बाहेरचे, वाघूर नदीच्या घळीतले आणि लेण्यांच्या ओवऱ्यांतले. ते छान आले. पाच आतले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर हिला उभे करून मी मोठ्या ऐटीत बटण दाबले होते. पाचही फोटो काळे आले. स्टुडिओवाल्याने भलेपणाने विचारले, "मास्तर, यांचे पैसे नका देऊ." हिने मात्र त्यातला एक मागून घेतला, अल्बममध्ये चारी कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावून बसवला आणि खाली लिहिले, "अजिंठा, लेणे १. मी आणि पद्मपाणी." पाहुण्यांना दाखवताना ती त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून सांगायची, हा पद्मपाणी, ही मी, आणि हा यांचा अंगठा.

असो. इतिहासाकडे वळतो.

त्या लेण्यात हरलेला मी पहिला नव्हे. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४० च्या दशकाच्या मध्याला अजिंठ्यात आला तो चित्रांच्या नकला करायला. (पारूची गोष्ट बाजूला ठेवू, ती महानोरांनी सांगितली आहे.) वीसेक वर्षे तो तिथे रंगवत राहिला, आणि १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. हा गिल चांगला फोटोग्राफरही होता. लेण्यांचे त्याचे फोटो फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आले. मग जवळ कॅमेरा असताना चित्रे ब्रशाने का उतरवायची?

याचे उत्तर त्या वेळच्या रसायनात आहे. १८५१ पासून वेट कोलोडियनची पद्धत आली होती. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि दहा-पंधरा मिनिटांत, वाळायच्या आत धुऊन काढायची. खानदेशाच्या हवेत ती किती लवकर वाळत असेल हे मी सांगायला नको. त्यात ती काच निळ्या प्रकाशाला जागी आणि तांबड्याला आंधळी. आणि अजिंठ्याच्या भिंतीवर काय आहे? गेरू, पिवळी माती, काजळी! वर लेण्यातला अंधार. म्हणजे प्रकाश कमी, आहे तो चुकीच्या रंगाचा, आणि वेळ मोजका. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स १८७२ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन गेले तेही ब्रश घेऊनच. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार खंडांत चित्रांचे फोटो छापले. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, लेण्यातल्या मंद उजेडातच फोटो घेतले, तेव्हा ते रंग लोकांनी छापील कागदावर नव्याने पाहिले. दीडशे वर्षांची ही सगळी झटापट एकाच गोष्टीसाठी होती, काचेच्या तोंडातून पुरेसा उजेड आत कसा न्यायचा.

दुसरी झटापट लांबचे जवळ आणण्याची. लांबचे मोठे दिसायला लांब भिंग लागते आणि लांब भिंग म्हणजे लांब नळकांडे. १८९१ मध्ये डॅलमेयर या इंग्रजाने पुढे फुगीर आणि मागे खोलगट भिंग ठेवून ते नळकांडे आखूड केले. तीच टेलिफोटो. जर्मनीतही त्याच वर्षी दोघांनी हेच केले, त्यामुळे श्रेयाचा वाद झाला. शोधांच्या इतिहासात हे नेहमीचेच. १९५९ मध्ये ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिला झूम आला, झूमार नावाचा, ३६ ते ८२ मिलिमीटर. म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. आणि १९८८ च्या सुमारास रिको, चिनॉन, ऑलिंपस वगैरेंनी असे कॅमेरे काढले की ज्यांत लेन्स पक्की बसवलेली, झूम बरा, बघायचे मात्र एसएलआरसारखे लेन्समधूनच. साधा कॅमेरा आणि एसएलआर यांच्यामधला पूल, म्हणून ब्रिज. आमच्या स्नेह्यांच्या कॅमेऱ्याचे आजोबा ते हे.

पण फिल्मच्या काळात या पुलाची धाव फार नव्हती, कारण फिल्म होती ३६ बाय २४ मिलिमीटर आणि तेवढ्या चौकटीवर चित्र पाडायला काच मोठीच लागायची. कोंडी फोडली ती डिजिटलने. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसनने पहिला कॅमेरा जुळवला, तो एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. १९९१ मध्ये कोडॅकचा विक्रीचा डीएसएलआर आला, निकॉनच्या अंगात कोडॅकचा आत्मा आणि खांद्याला लटकवायचा वेगळा डबा. सामान्यांसाठी तो नव्हताच. हजार डॉलरच्या आतला डीएसएलआर यायला २००३ साल उजाडले, कॅननचा ३००डी. या डीएसएलआरवाल्यांनी फिल्मच्या जवळपासच्या मापाचा सेन्सर ठेवला. ब्रिजवाल्यांनी उलटे केले, सेन्सर नखाएवढा केला. चौकट लहान की भिंगही लहान चालते, आणि मग झूमला आभाळ मोकळे. २००० साली ऑलिंपसचा दहापट, २००२ मध्ये पॅनासॉनिकचा बारापट, २०१२ मध्ये कॅननचा पन्नासपट आणि २०१५ मध्ये हा पी९००, त्र्याऐंशी पट!

त्याच्यावर '२००० मिलिमीटरइतके' असे सांगतात. खरे भिंग ३५७ मिलिमीटरचे आहे. सेन्सर लहान असल्यामुळे ते दोन हजारासारखे दिसते. मी पाटीवर हिशोब केला. एवढेच जवळचे डीएसएलआरमध्ये पाहायचे तर सव्वातेराशे मिलिमीटरची लेन्स लागेल, आणि तेवढाच उजेड द्यायचा तर तिचे तोंड आठ इंचांचे, म्हणजे आमच्या घरातल्या आमटीच्या पातेल्याएवढे. पी९०० मध्ये ते काम सव्वादोन इंचांत भागते. यात लबाडी कुठेच नाही, ही खरी करामत आहे.

मग किंमत कुठे मोजली? सेन्सरच्या क्षेत्रफळात. डी९० चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मिलिमीटर, पी९०० चा साधारण ६.२ बाय ४.६. गुणाकार करा, तेरा पटींचा फरक येतो. अंगणात पाऊस पडत असताना एक परात आणि एक वाटी ठेवली तर दोन्हींत पाणी सारख्याच उंचीचे साचते, पण प्यायला किती मिळेल? धो धो पावसात वाटीही भरते, म्हणून उन्हातले फोटो दोन्हींचे छान. भुरभुर असली की वाटीच्या तळाशी चार थेंब. (जाता जाता: या लहान सेन्सरला 'एक भागिले दोन पूर्णांक तीन इंची' म्हणतात, पण त्याचा कर्ण मोजला तर तेवढा भरत नाही. ते माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेले आहे. नळ्या गेल्या, माप राहिले. आपण नाही का अजून सोने तोळ्यात बोलत?)

गणित झाले, आता प्रयोग. दोन्ही कॅमेरे चार दिवस घरी आणून ठेवले होते. पौर्णिमेच्या आदल्या रात्री गच्चीवर गेलो. पी९०० ने चंद्राने चौकटीची दोन तृतीयांशहून जास्त उंची व्यापली, खड्डे मोजता आले. समोरच्या सोसायटीतली दोन पोरे धावत आली. डी९० च्या मोठ्या लेन्सने चंद्र उंचीच्या सोळाव्या भागाएवढा आला, पोरे म्हणाली, "आजोबा, यात चंद्र कुठंय?" पहिला डाव स्नेह्यांचा.

दुसऱ्या रात्री घरातले दिवे मालवून देवघरात फक्त समई ठेवली. पी९०० कडून अन्नपूर्णेचे तोंड ओल्या रांगोळीसारखे फिसकटलेले आले. डी९० ला ३५ मिलिमीटरची, एफ १.८ ची लहान लेन्स लावली, आयएसओ १६०० ठेवला. पितळेवरची झीज दिसली. नाकाजवळचा तो चपटा भाग, रोजच्या चोळण्याने झालेला, दिसला. जुन्या क्लिक थ्रीची लेन्स आणि तेव्हाची १०० च्या आसपासची फिल्म यांच्याशी ताडून पाहिले तर हा कॅमेरा ढोबळमानाने तीनशेपट अंधारात पाहतो. तीनशेपट! मी तिथेच पाटावर बसून राहिलो.

अडचणी आहेतच. माझा उजवा हात हल्ली थरथरतो. पी९०० मध्ये ती थरथर सावरून घेणारी भिंगे आहेत, डी९० च्या त्या लहान लेन्समध्ये नाहीत. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आणि तिपाईला परवानगी लागते, म्हणजे हातावरच भिस्त. स्नेह्यांनी हाच मुद्दा लावून धरला. वजनाचा मुद्दा मात्र त्यांच्यावरच उलटला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर डी९० ती लहान लेन्स लावून नऊशे ग्रॅम आणि पी९०० सुद्धा नऊशेच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला डी९० च्या आरशातून, खऱ्या उजेडात बघणे जास्त सोसते. पी९०० च्या डोळ्याला लावायच्या चिमुकल्या टीव्हीने डोळ्यांत पाणी येते. आणि डी९० जुना आहे हे खरेच. तो २००८ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकलेला कॅमेरा जाहीर केला. आता कॅनन आणि निकॉन दोघांचेही लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे. म्हणूनच तर असा कॅमेरा पेन्शनरांच्या आवाक्यात आला.

डी९० घेतला. खंड्या, पाणकावळे आणि चंद्र यांच्यावर पाणी सोडले. स्नेही दोन दिवस फिरायला बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं, पक्ष्यांचे फोटो मी पाठवत जाईन, तुम्ही अंधाराचे पाठवा."

हिला जाऊन सहा वर्षे झाली. थरथरीवर पुतण्याने उपाय सांगितला आहे: भिंतीला नाही, तर त्याच्या खांद्याला टेकून फोटो काढायचा. तो डिसेंबरात दोन दिवस रजा घेऊन येतो आहे. सोमवारी अजिंठा बंद असतो, म्हणून मंगळवार धरला आहे. अल्बममधला फोटो त्रिकोणांतून अलगद सोडवून पाकिटात घातला आहे. नेमके कुठे उभे होतो ते बघायला तो उपयोगाचा नाही, पण बरोबर असू दे.